चढावरची गाडी

महसूल खात्यात बत्तीस वर्षे कारकुनी केल्यामुळे माझ्या अंगी जे दोन-चार निरुपद्रवी गुण आले, त्यांतला एक असा, की कोणत्याही गावी गेलो तरी त्या गावची शीव कोठे संपते, गायरान कोणत्या अंगाला आहे आणि पाणंद कोठून निघून कोठे मिळते, याची मनाशी खातरजमा केल्यावाचून मला चैन पडत नाही. आणि रेल्वेगाड्या पाहण्याचा व त्यांची छायाचित्रे घेण्याचा जो नाद मला जडलेला आहे, त्याला ह्या गुणाचा इतका उपयोग होईल हे पेन्शनीत निघेपर्यंत माझ्या ध्यानीही आले नव्हते. गाडी कोठून जाणार ते नकाशात असते, केव्हा जाणार ते वेळापत्रकात असते. ज्याचा दाखला कोणत्याही दप्तरात मिळत नाही ती म्हणजे आपण उभे राहायची हातभर जमीन. ती रेल्वेच्या हद्दीबाहेर असावी लागते, कोणाच्या उभ्या पिकात असून चालत नाही, तिच्यापुढे बाभळीचे झाड किंवा विजेचा खांब नसावा, सूर्य आपल्या पाठीशी असावा, आणि दोन-तीन तास बसण्यासारखा एखादा धोंडा असावा. एवढ्या अटींत बसणारी जमीन रस्त्याने जाणाऱ्याला सहसा दिसत नाही. गावनकाशा हाती घेतला म्हणजे दिसते, कारण गायरान बहुधा माळावर किंवा उंचवट्यावर, जे लागवडीखाली आणणे कोणालाच परवडले नाही अशा ठिकाणी असते, आणि उंचवट्यावरून रूळ दिसतात.

नाद लागला तो मात्र नकाशावरून नव्हे. वडिलांची बदली बार्शीस झाली तेव्हा मी मराठी तिसरीत होतो, आणि बार्शीला त्या काळी गाडी होती ती अडीच फुटी रुळांची, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत आणलेली आणि पुढे लातूरपर्यंत व दुसऱ्या अंगाने मिरजेपर्यंत वाढवलेली. १९५४ साली ती कंपनीकडून सरकारकडे आली होती, तरी गावात तिला ‘बार्शी लाइट’ हेच नाव चालत असे. सपाटीवरून ती धावताना आम्हां मुलांना तिचे फारसे अप्रूप नव्हते. सपाटीवर सगळ्याच गाड्या एकसारख्या दिसतात, येतात आणि जातात. परंतु एकदा वडिलांबरोबर येडशीकडे गेलो असता बालाघाटाच्या चढावर ते चिमुकले इंजिन डबे ओढताना जे हाशहुश करू लागले, त्याच्या धुराड्यातून काळ्या ढगांचे जे गोळे एकामागून एक उसळू लागले, आणि आता थांबते की मग थांबते अशा अवस्थेत ते ज्या जिद्दीने माथ्यापर्यंत पोचले, ते पाहून माझ्या बालमनाची अशी पक्की समजूत झाली, की गाडी म्हणून जी काही चीज आहे ती चढावरच प्रकट होते. ही समजूत आज सत्तरी ओलांडल्यावरही कायम आहे. वेगाचे कौतुक करणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. पण माणूस ओळखावा तो अडचणीत आणि गाडी पाहावी ती चढावर, असे माझे मत आहे, आणि ते बदलण्यासारखा पुरावा अद्याप समोर आलेला नाही.

कॅमेरा हाती आला तो बऱ्याच उशिरा, एका स्नेह्याने विकायला काढलेला, चामड्याच्या पिशवीसकट. त्याच्या पहिल्याच रिळाची जी गत झाली ती सांगण्यासारखी आहे. एका मोठ्या जंक्शनावर (नाव सांगत नाही) फलाटाच्या टोकाला उभा राहून मी येणाऱ्या इंजिनाचे चित्र घेतो न घेतो तोच खांद्यावर एक हात पडला, आणि पुढचा दीड तास एका खोलीत बसून, सरकारी नोकर असूनही ‘छायाचित्रण निषिद्ध’ ही पाटी मला कशी दिसली नाही, याचा खुलासा मी करीत होतो. पूल, स्थानके व यार्डे ही लष्करी महत्त्वाची ठिकाणे मानण्याचा शिरस्ता इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला होता आणि हुकमाचा अंमल करणाऱ्या त्या इसमाचा त्यात यत्किंचितही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते. तथापि रीळ उजेडात ओढून काढले जाताना त्याच्या सुरळीचा जो आवाज झाला तो मी अजून विसरलेलो नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे त्या पाट्यांचा धाक उरलेला नाही. परंतु रुळांच्या कडेने चालत जाण्याची मनाई मात्र पूर्वीइतकीच जिवंत आहे, आणि असावीही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमान्वये रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. शिवाय वळणावर मागून येणारी विजेची गाडी कानांना जवळजवळ आल्यानंतरच कळते, ही त्याहून मोठी शिक्षा आहे. त्या दिवसापासून मी एक नेम केला, की गाडी पाहावी ती रेल्वेच्या हद्दीबाहेरून. आणि हद्द कोठे संपते हे ओळखणे तर माझ्या पोटापाण्याचेच काम होते.

पेन्शनीत निघाल्यावर पहिला मुक्काम अर्थातच बोरघाटाच्या पायथ्याशी कर्जतला पडला. महाराष्ट्रात राहून चढावरची गाडी पाहायची म्हणणाऱ्याला दुसरीकडे जाण्याचे कारणच नाही. कर्जत मुंबईपासून १०० किलोमीटर आणि लोणावळे १२८; ह्या मधल्या अठ्ठावीस किलोमीटरांत गाडीला साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढायची असते, आणि बऱ्याच ठिकाणी हा चढ सदतीस फुटांना एक फूट इतका असतो. बैलगाडीच्या वाटेला हा चढ कोणी मोठा म्हणणार नाही, परंतु गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत लोखंडी चाकाने इतका चढ चढणे ही असाध्याच्या कोटीतली गोष्ट मानली जाई. ती साध्य केली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, १८६३ साली. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांनी आखलेल्या ह्या मार्गावर २५ बोगदे व ८ मोठे पूल होते, आणि बांधकाम ऐन भरात असताना एके वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर ह्या दऱ्याखोऱ्यांत राबत होते. पहिल्या ठेकेदाराने १८५९ साली काम सोडले; त्याच्या जागी इंग्लंडहून आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला; आणि मग त्याच्या विधवा पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, तो ठेका आपल्या अंगावर घेऊन जाणत्या इंजिनिअरांच्या हाताने तडीस नेला. परक्या मुलखात, नवऱ्याची माती ओली असताना, सह्याद्री फोडण्याचा मक्ता पुढे चालवणाऱ्या ह्या बाईविषयी आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही. खंडाळ्याच्या धबधब्यांविषयी मात्र सगळे बोलतात.

कर्जतच्या फलाटावर गाडी चार-सहा मिनिटे थांबते, आणि उतारूंची अशी समजूत असते की ती बटाटेवड्यांसाठी थांबते. दिवाडकरांचा वडा मी स्वतः आदराने खाल्लेला आहे, त्यामुळे ह्या समजुतीचा प्रतिवाद करण्याची मला घाई नाही; पण त्याच वेळी फलाटाच्या मागच्या टोकाला जे चाललेले असते, ते पाहायला शंभरात एकही उतारू जात नाही. तेथे गाडीच्या शेपटीला दोन किंवा तीन इंजिने जोडली जात असतात. ह्यांना बँकर म्हणतात. पुढचे इंजिन ओढणार, मागची ढकलणार. लोणावळ्यास ती सुटतात आणि पुन्हा घाट उतरून येतात. ज्या इंजिनाला स्वतःची गाडी नाही, जे कोणत्याही वेळापत्रकात नाही, जे दिवसभर दुसऱ्याच्या गाड्या डोंगरावर नेऊन सोडते आणि रिकाम्या हाताने परत येते, त्याच्याविषयी मला कारकुनाच्या जातीचे म्हणून एक विशेष ममत्व वाटते. फलाट-तिकीट काढून मी तेथे बराच वेळ घालवला. पूर्वी ह्या घाटात ज्या लांब नाकांची विजेची मालवाहू इंजिने चालत, त्यांना त्यांच्या हेलकावत्या चालीमुळे आणि उभ्या-उभ्या कण्हण्याच्या सवयीमुळे ‘खेकडा’ म्हणत. त्यांतला एक खेकडा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ठेवलेला आहे, आणि मुलांना डायनासोर दाखवावा तसा मी तो माझ्या नातवाला दाखवलेला आहे.

येथे एक गंमत सांगून टाकतो. रेल्वेच्या भाषेत मुंबईहून निघालेली गाडी ‘डाऊन’ आणि मुंबईकडे जाणारी ‘अप’. चढ-उताराशी त्याचा काहीएक संबंध नाही. त्यामुळे बोरघाटात ‘डाऊन’ गाडी धापा टाकीत वर चढते आणि ‘अप’ गाडी ब्रेक आवळीत खाली उतरते. हे लक्षात न घेता एका सकाळी मी ‘अप’ गाडी चढताना दिसेल म्हणून तीन तास बसून होतो, आणि बत्तीस वर्षे आवक-जावक रजिस्टर सांभाळलेल्या माणसाला ही शोभणारी चूक नव्हती. उतरणारी गाडीही पाहण्यासारखी असते, नाही असे नाही. घाटात ठरावीक ठिकाणी मुख्य रुळांना एक फाटा फुटून वर डोंगरात आंधळा गेलेला असतो. गाडी तेथे पूर्ण थांबली, म्हणजे ती चालकाच्या ताब्यात आहे असे सिद्ध झाले, तरच तिला खालची वाट मोकळी मिळते. न थांबली तर सांधा तिला डोंगराकडे नेतो, तेथे चढावर तिचा वेग आपोआप जिरावा म्हणून. जातमुचलका लिहून दिल्यावाचून सुटका नाही, असा हा बंदोबस्त आहे.

कर्जतहून कोंदिवड्याला जाणारा रस्ता उल्हास नदीच्या खोऱ्यात शिरतो, आणि तेथून राजमाचीकडे चढणाऱ्या पायवाटेवर कोंढाणे लेणी लागतात. लाकडी कामाचे दगडात केलेले हुबेहूब अनुकरण पाहायला जाणकार तेथे जातात. मी लेण्यांकडे पाठ करून बसलो, आणि त्याबद्दल त्या प्राचीन भिक्षूंनी मला क्षमा करावी. कारण पलीकडच्या डोंगराच्या कुशीतून, दरीच्या ह्या काठाशी समांतर, बोरघाटाचे रूळ चढत जातात. रूळ दिसत नाहीत. दिसतात ती बोगद्यांची काळी तोंडे आणि त्यांच्यामधले उघडे तुकडे. प्रथम आवाज येतो, पंख्यांची एकसुरी घरघर, जी दरीच्या कोणत्या अंगाने येते ते सांगता येऊ नये. मग एका तोंडातून इंजिन बाहेर पडते, त्यामागून डबे, एकामागून एक, जवळजवळ मुकाट्याने. आणि आता आवाज संपला असे वाटते तोच ढकलणाऱ्यांची घरघर सुरू होते, पहिलीहून जाड, पहिलीहून खालच्या पट्टीतली. गाडीला दोन आवाज असतात आणि त्यांच्यामध्ये शांतता असते, हे फलाटावर कधीच कळत नाही. ते मी तेथे, त्या पायवाटेवरच्या एका कातळावर शिकलो.

छायाचित्र मात्र साफ फसले. मी गेलो होतो पौष महिन्यात, थंडी सोसेल म्हणून. आणि रुळांचा तो उतार बराचसा उत्तरेकडे व वायव्येकडे तोंड करून असल्यामुळे दक्षिणायनातले सूर्यकिरण त्याच्या कपाळालाही लागत नव्हते. सावलीत सावलीसारखी गाडी आली. नकाशा पाहून जागा ठरवली, पण नकाशात ऋतू नसतो हे ध्यानात राहिले नाही. त्या कातळापाशी म्हशी घेऊन आलेला एक गुराखी माझी ही सारी खटपट पाहत उभा होता. त्याने विचारले, “बाबा, कशाचं काढताय?” मी गाडीचे म्हणताच त्याने डोंगराकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, आणि पुढच्या खेपेला फोटो दाखवायला आणा म्हणाला. मी शब्द दिला.

मध्यंतरी कोकणची एक फेरी झाली. रत्नागिरीच्या दक्षिणेस पानवल नदीवर कोकण रेल्वेचा जो पूल आहे, त्याची उंची ६४ मीटर आणि लांबी ४२४ मीटर. पुलाचा माथा एका टोकाशी तुकड्या-तुकड्यांनी ओतून, तयार होईल तसा खांबांवरून पुढे ढकलत नेण्याची पद्धत आपल्या देशात प्रथम येथे वापरण्यात आली. दरीच्या तळाशी उभे राहून वर पाहिले म्हणजे ते सडपातळ खांब आकाशात इतके दूरवर जातात, की मान दुखते आणि टोपी पडते, माझी पडली. वेळा मी एप्रिलमध्येच टिपून ठेवल्या होत्या आणि गेलो ज्येष्ठ संपता संपता. दहा वाजल्यापासून बसलो. साडेअकरा झाले, पुलावर कावळादेखील फिरकला नाही. सरी येत होत्या, जात होत्या. छत्री कॅमेऱ्यावर धरावी की डोक्यावर, ह्या विवंचनेत मी अर्धा भिजलो होतो. शेवटी खोपीतून एक गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, “काका, पावसाळी टायमिंग लागलं नाय काय? ती तुमची गाडी कधीच गेली.” पावसाळा लागला की दरडींच्या भयाने कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी करतात आणि वेळापत्रकच निराळे लागू होते, ही गोष्ट वर्तमानपत्रात दरवर्षी छापून येते आणि मी ती दरवर्षी वाचतो.

आता उठावे असा विचार करीत असता एकाएकी ढग फाटले, आणि त्याच क्षणी पुलाच्या एका टोकाला एक गाडी उगवली. ती उतारूंची नव्हती. सपाट उघड्या वाघिण्यांची लांबलचक माळ, आणि प्रत्येक वाघिणीवर एकेक भरलेला ट्रक. १९९९ पासून कोकण रेल्वे ट्रकच्या ट्रक असे वाहून नेते, आणि ट्रकचालक आपापल्या ट्रकमध्येच बसून राहतात. चौसष्ट मीटर उंचीवर, ओल्या हिरव्या दरीवरून, पंजाबचे, गुजरातचे, कर्नाटकचे रंगीबेरंगी ट्रक एका ओळीत आकाशातून चाललेले, आणि चाक कोणाच्याच हातात नाही! मी तीन चित्रे घेतली. त्यांतले मधले माझ्या आयुष्यातले सर्वोत्तम चित्र आहे, असे ज्यांना छायाचित्रणातले कळते ते सांगतात. आमच्या बैठकीच्या खोलीत ते चौकटीत लावलेले आहे आणि येणारा प्रत्येक जण त्यापाशी थांबतो.

आणि तरीही मला कबूल केले पाहिजे, की ती गाडी मी पाहिली असे मला वाटत नाही. आवाज वाऱ्याने दुसरीकडे नेला. चढ असा दिसत नव्हता, श्रम दिसत नव्हते; खेळण्यातली वस्तू कोणी फळीवरून सरकवावी तशी ती सरकून गेली. तेव्हापासून माझ्या मनात असा एक हिशेब तयार झाला आहे, की टिपण्याची जागा आणि पाहण्याची जागा ह्या बहुधा दोन निरनिराळ्या जागा असतात. एकीला उजेड लागतो, अंतर लागते, मोकळी पार्श्वभूमी लागते, तर दुसरीला कान लागतात आणि वेळ लागतो. कसाऱ्याच्या घाटातही मी जाऊन आलो. तेथेही सदतिसाला एकचाच चढ आणि तेथेही ढकलणारी इंजिने. महामार्गाच्या वळणांवरून ती दिसतात बरी, पण ट्रकांच्या भोंग्यांत त्यांचा आवाज ऐकू येईल तर शपथ. ह्या दोन्ही जागा जेथे एकत्र येतात असे ठिकाण असू शकते की नाही, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस डोक्यात घोळवीत होतो.

पुढच्या फाल्गुनात दुपारच्या मावळत्या उन्हात पुन्हा कोंढाण्याच्या वाटेवर गेलो, आणि ह्या वेळी एका बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या इंजिनाचे बऱ्यापैकी स्वच्छ चित्र मिळाले. त्याची प्रत काढून घेऊन मी चैत्रात गुराख्याला शोधीत गेलो. त्याने ती दोन्ही हातांनी धरली, लांब धरली, जवळ आणली, खालच्या कोपऱ्यात आलेली म्हैस आपलीच असल्याची खात्री करून घेतली, तिचे नावही मला सांगितले; आणि मग बोट इंजिनावर ठेवून ते डब्यांवरून सरकवत चित्राच्या कडेपर्यंत नेले. बोट कडेवरून घसरले.

“ढकलनारी कुठं हायत?” तो म्हणाला. “ही तर अर्धीच गाडी.”

ती बोगद्यात होती, असे मी समजावून सांगू लागलो. पुढचे इंजिन बाहेर येते तेव्हा मागची आत असतात, आणि मागची बाहेर येईपर्यंत पुढचे दुसऱ्या बोगद्यात शिरते. घाटात इतके बोगदे आहेत की पुरी गाडी एका वेळी दिसायचीच नाही. तो माझे बोलणे शांतपणे ऐकत राहिला, मामलतीत पक्षकाराचे म्हणणे साहेब ऐकतात तसे, आणि मग म्हणाला, “दिसते. एका जागंवरनं दिसते. पण आता नाय. मिरगाच्या तोंडावर या. राणीच्या वक्ताला.”

राणी म्हणजे दख्खनची राणी. १९३० च्या १ जूनला मुंबई-पुणे धावू लागलेली ही गाडी सायंकाळी सव्वापाचच्या आत मुंबई सोडते, त्यामुळे वर्षातले बहुतेक महिने ती घाट चढते ती काळोखात किंवा संधिप्रकाशात. तिच्या खिडक्यांच्या दिव्यांची ओळ दिसते, गाडी दिसत नाही. मे महिना सरताना आणि मृग लागण्यापूर्वी, एवढ्या थोड्या दिवसांतच, ती घाटात असताना सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला सरकून त्या वायव्येकडे तोंड केलेल्या डोंगरावर सरळ पडतो. आणि त्या दिवसांतही आभाळात ढग जमले नाहीत तर. हे गणित मी पंचांग, वेळापत्रक व नकाशा समोर ठेवून घरी दोन संध्याकाळी मांडले, तेव्हा मला उमगले. त्याने ते म्हशी वळताना मांडलेले होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गेलो. त्याने मला पायवाट सोडून गायरानाच्या कडेकडेने, करवंदीच्या जाळ्यांमधून, एका उघड्या टेपावर नेले. नकाशात ह्या टेपाला गट नंबर आहे, मी नंतर पाहिला. पड जमीन, पोटखराबा, आकार शून्य. हवा कोंदलेली होती. राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन ह्या दोन्ही माथ्यांवर ढगांचे बोळे येऊन टेकलेले, परंतु कर्जतकडची क्षितिजाची फट अजून उघडी होती, आणि तिच्यातून तांबूस ऊन दरीत आडवे येत होते. सातला काही मिनिटे कमी असताना घरघर ऐकू आली. त्याने हात वर केला. मी कॅमेरा तिवईवर लावला होता आणि माझी बोटे घामाने घसरत होती.

इंजिन बाहेर आले. मागून डबे येत राहिले, येत राहिले. पुढच्या बोगद्याचे तोंड अजून दूर होते, आणि इतका लांब उघडा तुकडा त्या डोंगरात आहे हे मला कोंढाण्याच्या कातळावरून कधी दिसले नव्हते, कारण मधली एक सोंड तो झाकून टाकीत होती. मी मोजत होतो. घरघर, मग शांतता. आणि मग शेवटच्या डब्यापाठोपाठ ती ढकलणारी, एक, दोन, तीन, उन्हात उजळलेली, त्या जाड खालच्या आवाजात. आणि पुढच्या इंजिनाचे नाक तेव्हाही बोगद्याबाहेरच होते. मी खटका दाबला. दुसऱ्यांदा दाबला तोवर ऊन गेले होते.

चित्र चांगले आले नाही. उजेड अपुरा, माझा हात तिवईला लागून कॅमेरा किंचित हललेला, आणि इतक्या अंतरावरून सारी गाडी एखाद्या दोऱ्याएवढी बारीक. बैठकीच्या खोलीत लावण्यासारखे ते नाही, आणि मी लावलेले नाही. त्याची प्रत घेऊन मी पावसाळा उलटल्यावर त्याच्याकडे गेलो. गोठ्याच्या दारात उकिडवे बसून त्याने ती पाहिली, उजेडाकडे तिरपी केली, आणि पुढच्या टोकावर बोट ठेवून ते सावकाश मागे आणले, डबे एकेक करून, ढकलणाऱ्या तिन्ही इंजिनांपर्यंत.

“हां,” तो म्हणाला, “आता पुरी आली,” आणि चित्र आपल्या टोपीत ठेवून म्हशींच्या मागे निघून गेला.